आट्यांची मेख, तऱ्हेतऱ्हेची माती

पावसाळा सरला की पवना, मुळशी, भंडारदरा इथल्या जलाशयांच्या काठी आणि कोकणच्या किनाऱ्यावर तंबू दिसू लागतात. मोटारीत सामान भरून मुलाबाळांसह मुक्कामाला निघणाऱ्यांची संख्या अलीकडे चांगलीच वाढली आहे. तंबू विकत घेताना लोक कापड तपासतात, चेन ओढून पाहतात, आत किती माणसे झोपतील ते विचारतात. सोबतच्या छोट्या पिशवीतल्या मेखांकडे मात्र क्वचितच कुणाचे लक्ष जाते. बहुतेक तंबूंबरोबर येणाऱ्या मेखा म्हणजे टोकाशी वाकवलेल्या बारीक तारा असतात. मुरमात त्या चार घावांत वाकतात आणि कोरड्या वाळूत दोन बोटांनी उपसून येतात.

वाऱ्याचा साधा हिशोब मांडला तरी या तारांचा कमकुवतपणा कळतो. ताशी ४० किलोमीटर वेगाचा वारा सहा चौरस मीटर कापडावर समोरून आदळला, तर ढोबळमानाने ४५ किलो वजनाइतका जोर बसतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, म्हणजे ताशी ८० किलोमीटरला तोच आकडा १८० किलोच्या पुढे जातो. हा सारा भार शेवटी दोरांवरून मेखांवर आणि मेखांवरून मातीवर उतरतो. मे महिन्यात काजवे पाहायला भंडारदऱ्याकडे जाणाऱ्यांना वळवाच्या आधी सुटणाऱ्या वावटळीत याचा अनुभव येतो. सांगाड्यावरच्या तंबूपेक्षा मोटारीला जोडायचे छप्पर किंवा स्वयंपाकासाठी ताणलेली ताडपत्री आधी उडते, कारण तिच्यात वारा भरतो आणि तिला धरून ठेवायला सांगाडा नसतो.

अशा ठिकाणी आट्यांची मेख उपयोगी पडते. ही मेख ठोकायची नसते, फिरवून जमिनीत उतरवायची असते. तिचे तीन प्रकार बाजारात दिसतात. पहिला प्रकार चिवट प्लास्टिकचा. त्याचे आटे रुंद आणि विरळ असतात आणि तो हाताने किंवा आडव्या दांडीने फिरवता येतो. दुसरा पोलादी. त्याचा दांडा सडपातळ, आटे अरुंद आणि डोके षटकोनी असते, म्हणजे पान्याने किंवा बॅटरीवरच्या ड्रिलने तो बसवता येतो. तिसरा प्रकार म्हणजे जाड गजाला पीळ देऊन वर हातात धरायला कडी केलेली मेख. पाळीव कुत्रे बांधायला ती सर्रास वापरतात. कुठल्या मातीला कोणता प्रकार घ्यायचा, हे कळले की अर्धे काम झाले.

या कल्पनेला जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास आहे. अलेक्झांडर मिचेल या आयरिश अभियंत्याने १८३३ मध्ये पायासाठी स्क्रूच्या खांबांचे पेटंट घेतले. तरुणपणीच त्याची दृष्टी गेली होती. थेम्स नदीच्या मुखाशी मॅप्लिन सँड्स नावाचा वाळूचा पट्टा आहे. नेहमीचा दगडी पाया तिथे टिकणे अवघड होते. १८३८ मध्ये मिचेलच्या पद्धतीने तिथे रुंद पात्याचे लोखंडी खांब वाळूत फिरवून उतरवले गेले आणि १८४१ मध्ये त्यांच्यावर उभारलेले दीपगृह उजळले. पुढे मुंबई, बडोदे आणि मध्य हिंदुस्थान रेल्वेच्या, म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेच्या पूर्वज कंपनीच्या, नदी-खाड्यांवरील पुलांसाठीही मिचेलचे स्क्रू-खांब वापरले गेले. तंबूची मेख त्याच तत्त्वावर चालते.

धरते ती माती

ठोकलेली गुळगुळीत मेख मातीच्या घर्षणावर टिकून राहते. दोर हलला की तिच्याभोवतीचे भोक थोडे थोडे रुंद होते आणि घर्षण संपते. आट्यांच्या मेखेचे तसे नाही. तिला वर ओढले की प्रत्येक आट्यावर बसलेली माती ओढाला विरोध करते. मेख वर यायची तर तिच्यासोबत उलट्या शंकूच्या आकाराचा मातीचा गठ्ठा उचलला जावा लागतो. मेख जितकी खोल, तितका हा गठ्ठा मोठा. खोली दुप्पट केली तर गठ्ठ्यातली माती दुपटीहून कितीतरी जास्त होते. म्हणून अर्धवट बसलेली लांब मेख पूर्ण बसलेल्या आखूड मेखेपेक्षा भरवशाची ठरत नाही.

दोन नियम यातूनच निघतात. माती भुसभुशीत असेल तर आटे रुंद हवेत, म्हणजे जास्त माती पकडीत येते. माती घट्ट आणि खडीची असेल तर आटे अरुंद आणि पोलादी हवेत, कारण रुंद पाते खड्यांत अडकते आणि प्लास्टिक असेल तर तुटते.

तिसरा नियम फिरवण्याचा आहे, आणि नेमका तिथेच गोंधळ होतो. एका फेऱ्यात मेख एका आट्याइतकी खाली गेली पाहिजे. ती जागच्या जागी फिरू लागली, तर आटे ताक घुसळणाऱ्या रवीसारखे माती घुसळतात. घुसळलेल्या मातीला पकड उरत नाही. त्यामुळे सुरुवातीला वरून दाब देऊन दोन-तीन फेरे सावकाश फिरवावेत आणि आटे मातीत रुतल्यावरच वेग वाढवावा. एकदा घुसळलेल्या भोकात तीच मेख पुन्हा बसवण्यात अर्थ नाही. वीतभर अंतरावर नवी जागा घ्यावी.

जमीन कशी पाहावी

शेतकरी पेरणीआधी वाफसा पाहतो. तंबू लावणाऱ्यानेही तो पाहावा. चार इंच खालची माती मुठीत दाबावी. लाडू वळला जातो आणि बोटाने टोचताच फुटतो, तर जमीन वाफशावर आहे. अशा जमिनीत आट्यांची मेख सहज उतरते आणि उत्तम धरते. मातीचा लाडूच होत नसेल, हातातून भुगा गळत असेल, तर रुंद आटे आणि जास्त लांबी लागेल. बोटांना चिखल चिकटत असेल, तर त्या जागी पकड कमी मिळेल हे गृहीत धरून मेखांची संख्या वाढवावी. यानंतर हातभर लांबीची बारीक सळई चार-पाच ठिकाणी दाबून पाहावी. दगड कुठे लागतो, खाली घट्ट थर आहे का, हे दोन मिनिटांत समजते.

शेतात किंवा रिसॉर्टच्या हिरवळीवर मुक्काम असेल, तर सळई दाबण्याआधी मालकाला विचारावे. जमिनीखाली ठिबकच्या नळ्या, पाण्याची पाइपलाइन आणि कधी दिव्यांची वीजतार असते. ड्रिलने बसवलेली पोलादी मेख या सगळ्यांतून आरपार जाऊ शकते.

काळी माती

नाशिक, अहिल्यानगर, सोलापूरपासून मराठवाडा आणि विदर्भापर्यंत पसरलेली काळी माती ऋतूप्रमाणे रूप बदलते. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसते. हिवाळ्यात, पिकाखालची ओल अजून टिकून असताना, ती मेखेसाठी फार चांगली जमीन असते. आठ इंची मेख पुरते. उन्हाळ्यात मात्र वरचा थर कडक होतो आणि खोल भेगा पडतात. भेगेजवळ मेख बसवली तर ओढ येताच ढेकूळच्या ढेकूळ सुटून येते. दोन भेगांच्या मधोमध, शक्यतो मोठ्या ढेकळाच्या पोटात, पोलादी मेख घालावी.

पाऊस पडल्यावर हीच माती चिखल होते. आटे सहज उतरतात, पण पकड तुटपुंजी असते. अशा वेळी एका दोराला दोन मेखा द्याव्यात. पहिली नेहमीच्या जागी आणि दुसरी तिच्या मागे, ओढीच्या रेषेतच, दीड-दोन फुटांवर. दोघींना दोराने घट्ट जोडले की ओढ वाटली जाते.

भातखाचरे

भंडारदरा, घाटघर, पुरुषवाडी किंवा मावळात कापणीनंतर मोकळी झालेली खाचरे तंबूंसाठी वापरली जातात. इथल्या जमिनीची एक खासियत आहे. वर्षानुवर्षांच्या चिखलणीमुळे वरच्या मऊ थराखाली सहसा सहा ते आठ इंचांवर एक घट्ट थर तयार झालेला असतो. आखूड मेख मऊ थरातच राहते. आठ ते दहा इंचांची सडपातळ पोलादी मेख त्या घट्ट थरात शिरते आणि तिथे पक्की बसते. फिरवताना हाताला अचानक जोर जाणवू लागला की समजावे, थर लागला. तिथे थांबू नये, आणखी दोन-तीन फेरे द्यावेत.

बांधावर मेख कधीही बसवू नये. बांध खाचरात पाणी अडवण्यासाठी घातलेला असतो. त्यात पडलेली भोके पुढच्या पावसात वाहू लागतात आणि त्याचा भुर्दंड शेतकऱ्याला बसतो.

धरणाकाठचा गाळ

पाणी मागे हटल्यावर उघडी पडणारी गाळपेराची जमीन वरून कोरडी आणि सपाट दिसते. वरच्या पापुद्र्याखाली ओला, लोण्यासारखा मऊ गाळ असतो. अशा जागी सडपातळ पोलादी मेखेचा काही उपयोग नाही. प्लास्टिकची रुंद आट्यांची, निदान फूटभर लांबीची मेख घ्यावी. त्याहून चांगला उपाय म्हणजे पाण्यापासून दूर, चढावरच्या मुरमाड जागेत तंबू हलवणे. जलाशयाची पातळी एका रात्रीत बदलू शकते, त्यामुळे हा सल्ला मेखेपुरता नाही, जिवाचाही आहे.

मुरूम

सह्याद्रीच्या पायथ्याशी बेसाल्ट झिजून तयार झालेला मुरूम ही आट्यांच्या पोलादी मेखेची हक्काची जमीन. मुक्कामाच्या बऱ्याच जागांवर मालक मुद्दाम मुरूम पसरून धुमस करून ठेवतात. तारेच्या मेखा इथे हमखास वाकतात. पोलादी आटे मात्र खड्यांमधल्या फटींतून वाट काढत जातात आणि खडे आट्यांमध्ये आवळले जातात. हाताच्या पान्याने हे काम होते, पण दहा-बारा मेखा बसवताना मनगट भरून येते. बॅटरीवरचे ड्रिल किंवा इम्पॅक्ट ड्रायव्हर इथे खरा कामाला येतो.

मेख अडली तर जोर लावत राहू नये. उलट फिरवून बाहेर काढावी, चार बोटे बाजूला सरकावे आणि पुन्हा प्रयत्न करावा. फारच घट्ट जागा असेल तर मेखेच्या दांड्यापेक्षा बारीक सळई आधी ठोकून वाट करून घ्यावी. बारा मिलिमीटरच्या मेखेला आठ मिलिमीटरची सळई पुरते. जाड पहारीने भोक पाडले तर आट्यांना धरायला माती उरत नाही.

पुळण

कोकणच्या किनाऱ्यावरची कोरडी वाळू सर्वांत कमी धरते. वरची चार-सहा इंच वाळू हाताने बाजूला करावी, ओलसर वाळू लागली की तिथून रुंद आट्यांची लांब मेख फिरवावी आणि मग वरची वाळू पुन्हा लोटून पायाने दाबावी. ओलसर वाळूचे कण एकमेकांना धरून असतात, त्यामुळे पकड बरीच वाढते. मोठ्या छपरासाठी एवढेही पुरत नाही. तेव्हा जाड कापडी पिशवीत वाळू भरून तिला दोर बांधावा आणि ती दीड-दोन फूट खोल पुरावी. खारा वारा पोलाद लवकर खातो, म्हणून किनाऱ्यावर जस्ताचा मुलामा असलेल्या मेखा वापराव्यात आणि घरी परतल्यावर गोड्या पाण्याने धुवाव्यात.

जागा निवडताना भरतीची खूण पाहावी आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी आणखी वर येते हे लक्षात ठेवावे. मर्यादवेलीने झाकलेली वाळू बांधलेली असते, पण ती वेल किनारा धरून ठेवते. तिच्यातून मेखा घालू नयेत.

वेळास, आंजर्ले, गुहागर यांसारख्या किनाऱ्यांवर हिवाळ्यापासून ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. घरटे वाळूत सुमारे दीड फूट खोल असते आणि वरून त्याचा मागमूस लागत नाही. फूटभर लांबीची मेख अशा ठिकाणी काय करू शकते, हे वेगळे सांगायला नको. विणीच्या हंगामात या किनाऱ्यांवर तंबू लावूच नये. गावात घरगुती मुक्कामाची सोय असते.

जांभा, सडा आणि कातळ

कोकणातली जांभ्याची लाल माती जिथे हात-दीड हात खोल आहे, तिथे पोलादी मेख छान बसते. सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, मात्र माती बोटभर असते आणि खाली उघड्यावर राहून टणक झालेला जांभा असतो. ताकदवान ड्रिलने त्यात भोक पाडता येईलही, पण पाडू नये. रत्नागिरी जिल्ह्यात कशेळी, बारसू, देवाचे गोठणे अशा ठिकाणच्या सड्यांवर कातळशिल्पे आहेत. कोकणातल्या या शिल्पांचा २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समावेश झाला. मातीचा पातळ थर आणि गवत यांखाली झाकलेली कित्येक शिल्पे अलीकडेच उजेडात आली आहेत. आपण उभे आहोत त्या दगडावर काही कोरलेले नाही, याची खात्री पाहुण्याला देता येत नाही. कासच्या पठारासारख्या ठिकाणी तर मातीच्या त्या बोटभर थरावरच सारी फुले उगवतात. हे पठार २०१२ मध्ये जागतिक वारसा ठरलेल्या पश्चिम घाटाच्या स्थळांपैकी एक आहे. अशी पठारे पाहून परतावे आणि मुक्काम खाली गावात करावा.

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यासारख्या बेसाल्टच्या कातळावर कोणत्याही मेखेचे काही चालत नाही. तिथे स्वतःच्या सांगाड्यावर उभा राहणारा तंबू, दोरांना बांधलेले मोठे धोंडे आणि वाऱ्याचा आडोसा यांवरच भिस्त ठेवावी लागते. धोंडे जोत्याचे किंवा तटबंदीचे काढू नयेत. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत विनापरवाना खोदकाम करायला १९५८ च्या कायद्याने बंदी आहे, हेही ध्यानात असावे.

हत्यारे आणि खर्च

परदेशी बनावटीच्या तयार मेखा महाग पडतात. त्यांना पर्याय गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. लाकूडकामात वापरला जाणारा षटकोनी डोक्याचा, जस्ताचा मुलामा दिलेला कोच स्क्रू मागावा. दहा किंवा बारा मिलिमीटर जाडी आणि आठ इंच लांबी बहुतेक घट्ट जमिनींना पुरते. डोक्याखाली जाड वॉशर आणि त्याखाली साखळीची एक कडी घातली, की दोर अडकवायची सोय झाली. ठरलेल्या मापाच्या स्क्रूंत आठ मिलिमीटरला १३ चा, दहाला १७ चा आणि बाराला १९ चा बॉक्स पाना लागतो. स्क्रू आणि पाना एकाच दुकानात बसवून पाहूनच घ्यावेत.

वजनाचा विचारही करावा. दहा मिलिमीटर जाडीचा आठ इंची पोलादी स्क्रू साधारण सव्वाशे ग्रॅमचा असतो. असे बारा घेतले की दीड किलो झाले, आणि ड्रिल वेगळे. पाठीवर सामान घेऊन गड चढणाऱ्यांसाठी ही मेख नाही. तिचा खरा उपयोग गाडीने जाणाऱ्यांना, शाळांच्या शिबिरांना आणि मोठे मांडव घालणाऱ्यांना आहे.

ड्रिल नेहमी कमी वेगाच्या गिअरवर ठेवावे. दोन्ही हातांनी धरावे, कारण मेख दगडात अडकली की यंत्र उलट झटका देते आणि मनगट मुरगळते. ओढणी, सैल बाह्या, मोकळे केस आणि मुलांचे हात फिरत्या दांड्यापासून लांब ठेवावेत. पावसात ड्रिल वापरू नये. बॅटरी संपली किंवा यंत्र भिजले तर हाताने मेखा काढता याव्यात म्हणून लांब दांड्याचा पाना सोबत असलाच पाहिजे.

बसवणे, तपासणे, काढणे

ठोकायची मेख तंबूकडून बाहेर झुकलेली असते. आट्यांची मेख उभी किंवा अगदी किंचित कलती बसवावी, म्हणजे मेखेला पुरी खोली मिळते. डोके जमिनीला टेकेपर्यंत ती खाली घ्यावी. डोके दोन इंच वर राहिले आणि दोर तिथे बांधला, तर मेख तरफेसारखी वाकते आणि अंधारात पायालाही लागते. डोके टेकल्यावर मात्र आणखी फिरवू नये. मेखेला खाली जायला जागा उरलेली नसते आणि आटे माती घुसळू लागतात.

मग चाचणी घ्यावी. दोर ज्या दिशेने ओढणार, त्याच दिशेने कडीत दोर अडकवून अंगाचा भार टाकून ओढावे. मेखेभोवतीची माती फुगली किंवा तडकली तर जागा बदलावी. वाऱ्याच्या बाजूच्या मेखा आधी बसवाव्यात आणि सर्वांत चांगल्या मेखा तिथेच वापराव्यात. नायलॉनचे दोर भिजले की सैल पडतात, म्हणून झोपण्यापूर्वी एक फेरी मारून ते पुन्हा ताणावेत.

काढताना मेख उलट फिरवावी आणि ती आपली आपण वर येऊ द्यावी. उपटू नये, कारण मातीचा गठ्ठा सुटून मोठा खड्डा पडतो. आट्यांमधली माती तिथेच काडीने खरवडून भोकात भरावी आणि पायाने दाबावी. यामुळे भोक बुजते आणि एका शेतातले तण दुसऱ्या शेतात जात नाही.

निघण्यापूर्वी मेखा मोजाव्यात. आणताना जितक्या होत्या तितक्याच पिशवीत परत गेल्या पाहिजेत. डोके जमिनीला टेकवून बसवलेली पोलादी मेख गवतात दिसत नाही. ती मागे राहिली तर पुढच्या हंगामात नांगराच्या फाळाला, चिखलणीला उतरलेल्या माणसाच्या अनवाणी पायाला किंवा बैलाच्या खुराला लागते. डोक्याला लाल फडक्याची चिंधी किंवा रंगाचा पट्टा असेल तर शोध सोपा जातो. एक मेख कमी भरली, तर गाडी सुरू करण्याआधी ती शोधून काढावी.